टेबल हलवू नका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक सीडी आत ढकलली. कॉम्प्युटरच्या पोटातल्या, सीडी लिहिणाऱ्या रायटरने जीभ बाहेर काढली होती. तिच्यावर मी कोरी सीडी ठेवली, कडांना बोटं लावून, माझ्या बायकोने, कमलने, शिकवलं तसं. मी जीभ आत लोटली, तिने माउस टिचकवला. हिरवा दिवा लुकलुकला, आत घरघर सुरू झाली आणि ती दर वेळचं वाक्य बोलली, "आता टेबल हलवू नका."

मी म्हटलं, "मी काय भूकंप आहे?"

"तुम्ही पाय हलवता. तुम्हाला कळत नाही."

पितृपंधरवड्यातली पंचमी होती. दुपारचे साडेतीन. ती म्हणाली, "ही निघाली की उद्या तपासू," आणि चहा टाकायला उठली.

त्याला दोन वर्षं झाली. पंधरवडा परत आला आहे. ह्या दिवसांना पंचांग लागत नाही. भाजीच्या गाडीवर गवार, भेंडी, कारली, तांबडा भोपळा आणि अळूची पानं एका ओळीत दिसली की समजायचं. गंगेच्या घाटावर श्राद्धाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या वाढतात. सोनार दुकानात माशा मारत बसतात. पाऊस निघालो निघालो म्हणतो आणि दारातून परत फिरून एक सर टाकून जातो, छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखा. मग जे ऊन पडतं ते पिवळं असतं, धुतलेल्या हळदीसारखं. लोक ह्या दिवसांना वाईट म्हणतात. नवं काही घेत नाहीत, लग्नाची बोलणी करत नाहीत. आमच्या घरात मात्र वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम ह्याच पंधरा दिवसांत व्हायचं.

कारण कमलचा धंदा लग्नपत्रिकांचा. इंदिरानगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि खिडकीला पाटी: पत्रिका व बायोडाटा टाईप करून मिळेल. ती बारावी, वर टायपिंगची परीक्षा. मी सातवी नापास. ओझरला विमानाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर होऊन निवृत्त झालो. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी जे कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे ते तिचं ऐकून आणि शेजारी बसून शिकलेलं आहे. चुकलं तर तिचं नाही, माझं.

पत्रिकेचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. मामाचं नाव राहिलं तर मांडवात मामा रुसतो आणि शिव्या टायपिंगवालीला बसतात. कमलच्या हातून मामा कधी राहिला नाही. वर्षभर गिऱ्हाईक. पितृपंधरवड्यात मात्र दाराशी चिटपाखरू नाही. पितरांच्या दिवसांत लग्नाची पत्रिका कोण टाकणार? मग ती वर्षभराच्या सगळ्या पत्रिका सीड्यांवर उतरवायची. खरं म्हणजे त्या डीव्हीडी, पण आम्ही आपलं सीडीच म्हणायचो. बॅकअप हा शब्द मी तिच्याकडून ऐकला. मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "उद्या हा डबा मेला तर आपण रडत बसायला नको, ते."

ही अक्कल फुकट आली नव्हती. एका वैशाखात कोणी एकाने फोटो टाकायला पेन ड्राइव्ह आणला. त्यातून काय शिरलं कोण जाणे. संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका खलास. फाइलींची नावं दिसत, आत काही नाही. नऊ लग्नांचं काम अर्ध्यात होतं. मी तावातावाने त्या माणसाच्या घरी निघालो होतो. कमल म्हणाली, "भांडून पत्रिका परत येतात का? बसा आणि वाचा." तिची एक वही होती. प्रत्येक पत्रिकेचं वधूवरांचं नाव, तिथी, कार्यालय, सगळं तीत हाताने लिहिलेलं. मी वहीतून आणि जुन्या कच्च्या कागदांतून वाचत गेलो, ती टाईप करत गेली. दोन दिवस. नऊच्या नऊ लग्नं लागली. कोणाला पत्ता लागला नाही.

लग्नं लागल्यावर ती कॉम्प्युटरच्या दुकानात गेली, मला बरोबर घेऊन. दुकानदार म्हणाला, बाहेरून जोडायचा रायटरपण आहे, लागेल तेव्हा लावायचा. ती म्हणाली, "बाहेरचा नको. लागेल तेव्हा लावायचा म्हणजे कधीच लावायचा नाही. आत बसणारा द्या." तो रायटर मी बसवला. चार स्क्रू, एक वायर विजेची, एक बोलण्याची. आयुष्यभर मी विमानाचे भाग बसवले, पण कोणी मागे उभं राहून कौतुकाने बघितलं ते त्या एका दिवशी. म्हणाली, "सरळ बसलाय. जसा काही जन्मापासून तिथेच होता."

पेन ड्राइव्हला ती धर्मशाळा म्हणायची. कोणीही येतं, झोपतं, घाण करून जातं. सीडीवर एकदा उतरलं की उतरलं. रायटर सोळाच्या वेगाने लिहू शकत होता, ती चारनेच लिहायची. "घाईत गिरवलेलं टिकत नाही," म्हणायची. मला ते पटायचं. आतला किरण त्या तबकडीवर मधोमध सुरू होऊन कडेकडे गोल गोल जातो, शेतात औत वळवल्यासारखा, आणि एकदा तास पडलं की मागे फिरत नाही. सगळं लिहून होईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसायचो. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली माणसं एरवी एवढा वेळ गप्प एकत्र कशाला बसतील? ती पडद्याकडे बघायची. मी हिरव्या दिव्याकडे.

सीडी निघाली म्हणजे बॅकअप झाला असं ती मानायची नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी. सीडी परत आत घालायची, तिच्यावरची एकेक पत्रिका उघडायची, ती नावं वाचणार, मी वहीत खूण करणार. चिरंजीव अमुक, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक. "आहे." पुढचं. "आहे." सगळी जमली की ती काळा मार्कर घेऊन सीडीवर वर्ष लिहायची आणि खाली एक शब्द, तपासले. त्याआधी नाही. आमच्या कारखान्यातही तपासणीचा शिक्का बसल्याशिवाय नट विमानाला लागत नसे. पण तिथे साहेब चहाला गेला की शिक्का उधार मिळायचा. हिच्याकडे उधारी नव्हती. एक पत्रिका जरी उघडली नाही तरी पूर्ण सीडी बाद. बाद सीडीवर नाव नाही. कोरी ती बाद, लिहिलेली ती चांगली. चांगल्या सीड्या स्टीलच्या डब्यात, उन्हापासून लांब. बाद सीड्या सुतळीत ओवून दाराच्या खिळ्याला.

त्या खिळ्याच्या सीड्यांना मालक होता. कमलचा धाकटा भाऊ दत्तू, घोटीजवळ भातशेती करतो. भाद्रपद सरता सरता साळीत दाणा भरतो आणि नेमकी तेव्हाच पाखरांची धाड पडते. दत्तू पायलीभर तांदूळ घेऊन यायचा आणि बाद सीड्यांची माळ घेऊन जायचा. बांधावर काठ्या रोवून टांगायचा. वारा आला की सगळं शेत लखलख. एका वर्षी एकही सीडी बाद गेली नाही, तर दत्तू हिरमुसला.

"ताई, एवढं चांगलं काम करू नको ना. माझी साळ पाखरं खातील."

"मग तुझ्या साळीसाठी मी लोकांची लग्नं बिघडवू?"

"दोनचारच बिघडव. लय नाय."

ह्या सीड्यांचा उपयोग काय, असं मुलगा पुण्याहून फोनवर विचारायचा. उपयोग मी डोळ्यांनी बघितला आहे. एकदा एक बाई आल्या. थोरल्या मुलाची पत्रिका कमलने केली होती, आता धाकट्याची करायची होती. "तशीच करा," म्हणाल्या. आठ वर्षांपूर्वीचं लग्न. कमलने डब्यातून त्या वर्षाची सीडी काढली, आत घातली, आणि पत्रिका पडद्यावर उभी राहिली, अक्षता पडताना होती तशी. मग ती खालची नावं एकेक वाचायला लागली. काका? आहेत. आत्या? आहेत. आजी? बाई बोलल्या नाहीत. कमलनेही विचारलं नाही. नव्या पत्रिकेत आजीच्या नावामागे तिने हळूच कै. घातलं आणि पुढचं नाव वाचलं.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "सीडीवरपण दुरुस्त करून ठेव."

"सीडीवर होत नाही."

"झालं असतं तर?"

"झालं असतं तरी केलं नसतं. त्या वर्षी आजी होत्या. पत्रिका त्यांच्याच नावाने निघाली. ते खरं आहे, ते कसं खोडायचं?"

मी कमी शिकलेला माणूस. पितर म्हणजे काय हे मला भटजींनी पुष्कळदा सांगितलं. कळलं ते ह्या एका बोलण्यात.

तिच्या मोतीबिंदूच्या वेळी सीड्यांचं काम माझ्या गळ्यात येईल म्हणून तिने एक कागद लिहिला आणि कॉम्प्युटरच्या कुशीला चिकटवला. मोठ्या अक्षरात सात ओळी. सीडी कडेने धरा. चारचा वेग घ्या. वगैरे. सातवी ओळ: टेबल हलवू नका. मला राग आला होता. मी म्हटलं, "विमानं बांधलीत मी." ती म्हणाली, "विमान बांधताना कोणी पाय हलवत नाही." त्या वर्षी डोळे लवकर बरे झाले, सीड्या तिनेच केल्या. कागद राहिला.

आता पंचमीचं सांगतो. ती चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. आधी वाटलं काही उचलायला वाकली. मग मान कलली. मी उठलो तो टेबलाला मांडी आपटून उठलो. कीबोर्ड खाली पडला. रायटरमधून खर्र असा आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे. दवाखान्यात नेईपर्यंत ती होती. दिवेलागणीला नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर कॉम्प्युटर चालूच. पडद्यावर मधोमध इंग्रजीत काहीतरी लिहून तो उत्तराची वाट बघत होता. मी वाचलं नाही. भिंतीतली पिन ओढली. सीडी आतच राहिली.

तेराव्याला दत्तू आला होता. मी स्टीलचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि वर खिळ्याची माळ. म्हटलं, "ने सगळं. मला घरात नको." चौदा वर्षांचं तिचं काम मी शेतात टांगायला देऊन टाकलं. तेव्हा अंगात रागच होता, कोणावर ते माहीत नाही. महिन्याभराने शुद्ध आली तेव्हा साळ कापून झाली असणार आणि उन्हापावसात सीड्यांचं वाटोळं. दत्तूला विचारायची लाज वाटली. मागल्या वर्षी वर्षश्राद्धाला गंगेवर भेटला, तेव्हाही तोंड उघडलं नाही. आणि रायटरच्या पोटात राहिलेली ती एक सीडी? तिच्या हातची शेवटची. ती चांगली की बाद, हे बघायची माझी छाती झाली नाही. मुलगा म्हणायचा, "पप्पा, तो डबा भंगारात द्या." मी त्यावर चादर घातली.

यंदा पहिल्यांदाच घरी अविधवा नवमी केली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा हा दिवस. शेजारच्या मंदाताईंनी स्वयंपाकाला हात दिला आणि सवाष्ण म्हणून जेवायलाही त्याच बसल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. दत्तू आदल्या दिवशीच आला होता, गोणी घेऊन. सकाळी मी आंघोळीला गेलो, तो गच्चीवर. मग पान वाढलं, मी वर नेऊन कठड्यावर ठेवलं आणि तिघं बाजूला उभे राहिलो.

कावळा येईना. आले चार, पाण्याच्या टाकीवर बसले, माना वाकड्या करून बघितलं, उडाले. परत आले, परत उडाले. अर्धा तास. खीर थंड झाली. मंदाताई म्हणाल्या, "काही मनात राहिलंय त्यांच्या."

दत्तू म्हणाला, "दाजी, बोला. ताईचं काय राह्यलंय ते बोला, नायतर शिवायचा नाय."

मला हे येत नाही. बायको असताना मी तिच्याशी कधी नीट बोललो नाही, कावळ्याशी काय बोलणार? पण पान तसंच पडलं होतं. मी म्हटलं, "कमल, ती सीडी मी तपासतो. बाद असली तर परत करतो. उद्याच करतो."

डोळे पुसायला मान फिरवली तेव्हा मला दिसलं. आमच्या पाठीमागे कपड्यांच्या दोरीवर, पानापासून चार हातांवर, सीड्या लटकत होत्या. पंधरा-वीस. वाऱ्याने गरगर फिरत होत्या आणि उन्हाचे कवडसे थेट खिरीवर.

"दत्तू, हे काय आहे?"

"ताईच्या सीड्या हायत. डब्यासकट कणगीत ठेवल्या होत्या ना, भातात. भातातला पोरकिडा लागला असंल म्हणून जरा ऊन दावलं."

"त्या तू साळीवर टांगल्या नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काही अभद्र बोललोय. "त्याच्यावर ताईचं अक्षर हाय. अक्षर कोण टांगतं पाखरांना? कोऱ्या होत्या त्या टांगल्या. लिहिलेल्या तुम्ही सांभाळायला दिल्या ना माझ्याकडं."

मी रागात फेकलेलं ह्या माणसाने ठेव म्हणून झेललं होतं.

मंदाताई पदराआड हसत होत्या. "अहो दत्तूभाऊ, पाखरं घालवायच्या माळा लावल्यात आणि कावळा यावा म्हणताय?"

आम्ही दोघांनी घाईघाईने सीड्या उतरवल्या. शेवटची दोरीवरून निघायच्या आत कावळा पानावर होता. त्याने आधी वडा घेतला. तो बोलण्यामुळे आला की सीड्या काढल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. दत्तू म्हणतो दोन्हीमुळे. पण मी बोललो होतो, ते खरं. त्यातून सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून चादर काढली. पिन लावली. दोन वर्षांनी तो डबा खोकत खोकत जागा झाला. कोपऱ्यातली तारीख भलत्याच जुन्या वर्षाची दाखवत होता. त्याच्या लेखी कमल अजून स्वयंपाकघरात होती. रायटरचं बटण दाबलं, जीभ बाहेर येईना. आतला पट्टा ताठरला असणार. अशा वेळेसाठी त्याच्या तोंडावर टाचणीएवढं भोक असतं. मी कागदाची क्लिप सरळ केली, भोकात घालून दाबली. जीभ बोटभर पुढे आली. बाकी हाताने ओढली. सीडी होती. धुळीचा कणही नव्हता.

आत लोटून उघडली. घरघर झाली, थांबली, परत झाली. पडदा म्हणाला, काही नाही. तीनदा केलं. तीनदा तेच. सीडी पालथी करून उजेडात धरली. मधल्या भोकाभोवती बोटभर रुंद गडद पट्टा, आणि मग एकदम कोरं. किरण जिथे थांबला ती रेघ स्पष्ट दिसत होती. तिथे मी टेबलाला आपटलो होतो.

बाद. तिने स्वतः तपासली असती तरी बादच म्हणाली असती.

मग मी कागद वाचला. सात ओळी. टेबलाच्या खणातली एक न वापरलेली सीडी कडेने धरली. त्या वर्षाचा फोल्डर होता तिथेच होता. तिच्या पत्रिका मशीनमध्ये शाबूत होत्या, सीडीवर उतरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. चारचा वेग. बटण. हिरवा दिवा लागला आणि दत्तू वही घेऊन शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर, बसला. मी तिच्या. दोन मिनिटांत त्याचा पाय सुरू झाला.

"दत्तू, टेबल हलवू नको."

"मी कुठं हलवतोय?"

"पाय हलवतोस. तुला कळत नाही."

त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला. मी पडद्याकडे बघत बसलो. आतलं औत वळत राहिलं.

सीडी निघाली. परत आत घातली आणि मी एकेक पत्रिका उघडून वाचली, अक्षरं लावत लावत. दत्तू चौथीपर्यंत शिकलेला, वहीवर बोट ठेवून शोधायचा. "आहे," म्हणायचा, आणि मध्येच, "हे तर आमच्याकडलेच पाव्हणे, त्या लग्नात मी जेवलो होतो, जिलेबी लय चांगली होती." मी म्हणायचो, पुढचं बघ. साऱ्या पत्रिका उघडल्या. एकही मामा राहिला नव्हता.

बाद सीडी दत्तूने सुतळीत ओवली. साळीत दाणा भरत आला आहे, म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यात उंच काठीला बांध.

तो पिशवी भरायला आत गेल्यावर मार्कर घेतला. वर्ष लिहिलं. खाली लिहिलं, तपासले. माझं अक्षर पूर्वीपासून वाईट, ले जरा उतारावर गेला. सीडी दत्तूने परत आणलेल्या स्टीलच्या डब्यात सगळ्यात वर ठेवली. काम संपलं होतं, आता हललं असतं तरी बिघडलं नसतं. तरी मी टेबलाला हात न लावता उठलो आणि दोघांचा चहा टाकायला गेलो.